आमचा ओटीपी गोकाकला गेला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातल्या वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. हे पद गेल्या वर्षी माझ्याकडे आले ते कपाटाच्या किल्ल्या, तीन रजिस्टरे, एक रबरी शिक्का आणि एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर वाचनालयाचा ई-मेल पत्ता होता आणि त्याखाली पासवर्ड. तो पासवर्ड चालत नव्हता.

माझ्या आधीचे चिटणीस, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, त्याआधीच्या पावसाळ्यात वारले. हा पत्ता त्यांनी २००९ साली बेळगावात खडेबाजारातल्या एका सायबर कॅफेत बसून काढला होता. पत्त्यात वाचनालयाचे नाव कुठेच नव्हते. अण्णांचे नाव आणि पुढे त्यांचे जन्मसाल. त्या वेळी कुणाला त्यात वावगे वाटले नाही. अण्णा कॅफेचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात याचेच आम्हाला कौतुक होते. पुढे चौदा-पंधरा वर्षे वाचनालयाचा सगळा पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर चालला. देणगीदारांचे पॅन क्रमांक तिथेच, पुस्तकविक्रेत्यांची बिले तिथेच. सरकारी परिपत्रके मराठीतूनही मिळावीत म्हणून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना वेळोवेळी पाठवलेल्या निवेदनांच्या प्रतीही तिथेच. कागदावरच्या प्रती कपाटात होत्या; त्यातल्या निम्म्या वाळवीने खाल्ल्या.

आमच्या ऑडिटरांचा फोन आला नसता तर मी आणखी वर्षभर स्वस्थ बसलो असतो. आयकराच्या संकेतस्थळावर नोंदलेला पत्ता तोच होता, आणि तिथे एक नोटीस पडून असावी अशी त्यांना शंका होती. मग मी, अध्यक्षबाई आणि शाळेतले एक सर असे तिघे वाचनालयातल्या जुन्या संगणकासमोर बसलो. ‘पासवर्ड विसरला’ असे दाबले. पडद्यावर आले की अमुक दोन आकड्यांनी संपणाऱ्या मोबाइलवर सहा आकडी संकेत पाठवला आहे. तो नंबर अण्णांचा. वहिनींनी अण्णांचे सिम कधीच बंद होऊ दिले होते. रिचार्ज कोण आणि कशासाठी करणार?

बंद पडलेला नंबर कंपन्या कायमचा पुरून ठेवत नाहीत. किमान ९० दिवस थांबून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात. मी अण्णांचा नंबर फिरवला तर पलीकडून ‘यार्री?’ (कोण?) असा कानडी आवाज आला. गृहस्थ गोकाकचे निघाले. टपाल खात्यात छत्तीस वर्षे काढल्यामुळे कानडी शिकावीच लागली, तोडकीमोडकी बोलता येते. मी सांगितले, आम्ही वाचनालयवाले, आमचे एक माणूस गेले, त्यांच्या जुन्या नंबरवर म्हणजे तुमच्या नंबरवर आत्ता एक संकेत आला असेल. त्यांनी एका शब्दाने उलट न विचारता सहाही आकडे वाचून दाखवले. गूगल नेहमीच्या संगणकावर आणि नेहमीच्या जागेवर जरा लवकर विश्वास ठेवते. आम्ही अण्णांच्याच खुर्चीत बसलो होतो, त्यामुळे दार उघडले. त्या गृहस्थांनी शेवटी ‘आयतेनरी?’ (झाले का?) म्हणून विचारले, मी ‘आयत्री, भाळ उपकार’ (झाले, फार उपकार) म्हणालो. सीमाप्रश्नावर आमची दोघांची मते काय, हा विषय निघाला नाही.

अध्यक्षबाईंनी देवाचे आभार मानले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. गोकाकचा तो माणूस भला होता म्हणून त्याने परक्या माणसाला आकडे सांगितले, आणि आम्ही खरे होतो हा केवळ योग. मी जे बोललो तेच कुणीही बोलू शकला असता. त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःलाच वाटले असते तर आमच्या साडेतीनशे देणगीदारांचे पॅन क्रमांक त्याच्या हातात होते.

पेटी उघडल्यावर आत काय दिसले तेही सांगतो, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ मंडळांच्या पेटीत हेच निघेल. येणारा प्रत्येक मेल आपोआप आणखी एका पत्त्यावर पुढे जाईल अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. तो पत्ता आमच्याकडे काही दिवस कारकुनी करून गेलेल्या मुलाचा. त्याने वाईट हेतूने केले नव्हते, अण्णा दवाखान्यात असताना काम अडू नये म्हणून केले आणि विसरला. पण काम सोडून आठ वर्षे झाली तरी आमचे टपाल त्याच्या घरी जात होते. ‘आपली उपकरणे’ या यादीत एक असा मोबाइल होता की तो कुणाचा हे आजही आम्हाला कळलेले नाही. शिवाय २०१४ ते २०१६ या काळातले मेल जवळजवळ नाहीतच. त्या काळचे खजिनदार आपल्या संगणकावर ‘पॉप’ पद्धतीने मेल उतरवून घेत, सर्व्हरवर प्रत राहत नसे. तो संगणक पुढे जळाला. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, हे कळल्यावर मला हसावे की रडावे ते समजेना. आमच्या खात्यात पेटीतले टपाल काढून कुणी घरी नेले असते तर त्याची चौकशी लागली असती!

तर प्रश्न असा होता. अध्यक्षबाई टिळकवाडीत राहतात. खजिनदार नोकरीमुळे पुण्यात, महिन्यातून एकदा येतात. मी अर्धा महिना गावात आणि अर्धा वडगावात मुलाकडे. ऑडिटर शहापुरात. चौघांनाही आपापल्या जागेवरून मेल पाहता आला पाहिजे, आणि पाचव्याला नाही.

संगणक दुरुस्त करणाऱ्या एका पोराने सोपा उपाय सुचवला. वाचनालयातला संगणक चोवीस तास चालू ठेवायचा, राउटरमधून रिमोट डेस्कटॉपची वाट उघडायची, म्हणजे पुण्याहून खजिनदार थेट त्याच संगणकावर बसल्यासारखे काम करतील. खर्च शून्य. पोरगा हुशार आहे, पण मी नको म्हणालो. एक तर आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. दुसरे, त्या संगणकात विंडोज ७ आहे. कंपनीने त्याची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. आणि तिसरे सर्वांत मोठे: रिमोट डेस्कटॉपचे दार असे थेट इंटरनेटवर उघडे ठेवले की जगातली यंत्रे रात्रंदिवस त्याच्यावर पासवर्ड मारून पाहत बसतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक ज्या वाटांनी शिरतात, त्यातली ही नेहमीची वाट. मेल वाचायचा म्हणून सगळ्या घराची भिंत पाडण्यातला हा प्रकार.

आम्ही काय केले? वाचनालयाच्या नावाने स्वतःचे डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यात @ च्या पुढे येणारे नाव, घेतले. ते आम्हाला वर्षाला हजार रुपयांच्या आत पडले. मेलची पेटी एका मेलसेवा देणाऱ्या कंपनीकडे ठेवली, आमच्या संगणकावर काहीही नाही. चौघांना चार वेगळी खाती. चिटणीस, खजिनदार अशी पदांची नावे पत्त्यात घातली, माणसांची नाहीत. उद्या मी गेलो तर नव्या चिटणिसाला माझा पत्ता जसाच्या तसा मिळेल, फक्त पासवर्ड बदलेल. ऑडिटरांना केवळ हिशेबाच्या पेटीपुरता प्रवेश. एकच पासवर्ड चौघांत वाटून घेण्याची पद्धत बंद केली. पाच जणांनी एकाच नावाची सही ठोकावी असला तो प्रकार होता; मेल कुणी पाठवला, कुणी पुसला, कशाचाच माग राहत नसे. कारभाराचे अधिकार मात्र मुद्दाम दोघांकडे ठेवले. पोस्टात रोकडीच्या तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसे असत, त्याची ही आठवण. आमच्यातला एक कुणी अचानक गेला तर दुसऱ्याने त्याचे खाते ताब्यात घ्यायचे. पुन्हा गोकाकला फोन करायला नको.

आता थोडे तांत्रिक, पण ते मी माझ्या भाषेत सांगतो. आम्ही सब-ऑफिसात टपालाची थैली सुतळीने बांधून गाठीवर लाख ओतून शिक्का मारत असू. बेळगाव स्टेशनवर आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल छाननी कचेरीत, ती थैली फुटे, छाननी होई, पुन्हा दुसऱ्या थैलीत बंद होई. वाटेत बसचा कंडक्टर थैलीवर बसला तरी त्याला आतले पत्र दिसत नसे. मेलमध्ये ही लाख म्हणजे टीएलएस. तुमचा मोबाइल आणि मेलचा सर्व्हर यांच्यातली थैली त्याने बंद होते. जुन्या पद्धतीत पॉपसाठी ११० आणि आयमॅपसाठी (म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीसाठी) १४३ हे क्रमांक वापरत, आणि लाख स्वतंत्रपणे लावली नाही तर पासवर्डसुद्धा उघडा जाई. आता आयमॅपला ९९३, पाठवायला ४६५ किंवा ५८७, हे क्रमांक घालायचे आणि ‘एसएसएल/टीएलएस’ किंवा ‘स्टार्टटीएलएस’ यावर खूण करायची. ‘काहीही नाही’ असाही एक पर्याय त्या यादीत असतो. तो निवडला की थैलीला गाठच नाही. आणि पडद्यावर ‘प्रमाणपत्र ओळखता येत नाही, तरी पुढे जायचे का’ असा इशारा आला तर पुढे जायचे नाही. फुटक्या शिक्क्याची थैली आम्ही मुकाट्याने घेत नसू, तिची नोंद करून वर कळवत असू.

पण लाख फक्त वाटेवरची. आरएमएसमध्ये थैली उघडी होते, तसा मेल सर्व्हरवर उघडाच असतो. म्हणून ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्या हाती सगळे. इथे दुसरे कुलूप लागते.

दुसरे कुलूप म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एसएमएसचा ओटीपी येतो. आमच्या गावात फायबरची वायर आली आहे, वाचनालयात इंटरनेट बरे चालते, पण मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय मिळत नाही. कणकुंबीकडे गेलात तर फोन कधी गोव्याचा टॉवर पकडतो, कधी काहीच नाही. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. त्यापेक्षा मोबाइलमध्ये ऑथेंटिकेटर नावाचे ॲप ठेवायचे. ते दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे दाखवते, आणि त्याला रेंज लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. खाते जोडताना दिलेली एक गुप्त किल्ली आणि मोबाइलचे घड्याळ, एवढ्यावर ते आकडे काढते. घड्याळ मात्र बरोबर हवे. अध्यक्षबाईंचा मोबाइल चार मिनिटे पुढे होता, त्यांना वाटे की ‘आपली वेळ पाळायची सवय’. आकडे जुळेनात. घड्याळ ‘आपोआप’वर टाकल्याबरोबर जुळले.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की सिम बंद पडले, नंबर गोकाकला गेला, तरी कुलूप आपल्याकडेच राहते. मोबाइलच हरवला तर? त्यासाठी सेवेकडून एकदाच वापरता येणारे राखीव संकेत मिळतात. ते आम्ही छापून घेतले, पाकिटात घातले, आणि मी घरी ठेवलेल्या लाखेच्या कांडीने ते पाकीट स्वतः बंद करून दप्तराच्या कपाटात ठेवले. मुलगा हसला. हसू दे. पाकीट कुणी उघडले तर कळेल, यासाठी याहून स्वस्त यंत्र मला माहीत नाही.

काही किरकोळ गोष्टी. डोमेन घेताना ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या संपर्कपत्त्यावर घ्यावे. संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर घेतले की उद्या तो रुसला तर तुमचे नाव त्याच्या खिशात. डोमेनच्या नोंदीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन ओळी घालून घ्याव्यात. आमच्या नावाने पत्र कुणी पाठवायचे याची ती जाहीर नोंद. आम्ही पहिले दोन आठवडे ती घातली नव्हती, तेव्हा आमची निमंत्रणे निम्म्या लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली. संगणकावर मेल वाचायच्या जुन्या आउटलुक प्रोग्राममध्ये नुसता पासवर्ड घालून जीमेल चालवणाऱ्यांची सोय गूगलने ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. त्यासाठी १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढता येतो, पण मी म्हणेन जुना आउटलुकच सोडा. आणि कानडी कचेऱ्यांतून येणारी नुडी फाँटमधली पत्रे आमच्याकडे चौकोन-फुल्या होऊन दिसतात. सुरक्षेशी याचा संबंध नाही, पण पीडीएफ करून पाठवा एवढे कुणीतरी त्यांना कळवावे. आमच्या मंडळांचीही जुन्या मराठी फाँटमधली पत्रे कोल्हापूरला तशीच दिसत असणार.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल मात्र थोडे थांबून लिहितो. आपल्याकडे सर्रास असे होते की छापायचे एक पान, त्यासाठी दुकानातल्या संगणकावर आपला मेल उघडायचा, पासवर्ड टाकायचा, पान घ्यायचे आणि बस चुकेल म्हणून पळायचे. मागे मेल उघडाच. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ या प्रश्नाला दुकानातल्या मुलाने सवयीने ‘हो’ दाबलेले असते. आमच्या यादीतला तो अनोळखी मोबाइलही अशाच कुठल्या तरी दुकानाचा असेल असा माझा कयास आहे. आता आमचा नियम असा: संस्थेचा मेल परक्या संगणकावर उघडायचा नाही. छापायचे तेवढेच पान पेनड्राइव्हवर घ्यायचे, नाहीतर तेवढीच फाइल दुकानाच्या पत्त्यावर पाठवायची. देणगीदारांची आधार कार्डे तर दुकानात पाठवायचीच नाहीत. सुरुवातीला मीच दोनदा नियम मोडला, बस खरोखरच चुकत होती.

नवी पेटी सुरू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात तिची परीक्षा झाली. आमच्या नेहमीच्या पुस्तकविक्रेत्याच्या नावाने मेल आला की बँक बदलली आहे, पुढचे पैसे या नव्या खात्यावर टाका. बिलाचा आकडा बरोबर, भाषा बरोबर, खाली त्यांच्या दुकानाचे बोधचिन्ह. पत्त्यात एक अक्षर जास्त होते, ते मला दिसले नाही. पुण्याहून खजिनदारांना दिसले. बिलाचा आकडा त्या लोकांना कुठून कळला? आमच्याकडून नाही हे आम्ही लॉगिनच्या नोंदी पाहून सांगू शकलो, पूर्वी ते शक्य नव्हते. विक्रेत्याची पेटी फुटली होती. त्यांचाही पासवर्ड दुकानातल्या चौघांना माहीत होता. तेव्हापासून ठराव केला की खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर आधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचे, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच कळवायचे. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांतून निघून जातात.

आता तक्रार. आम्ही एका सरकारी कचेरीत वाचनालयाचा ई-मेल पत्ता बदलून घ्यायला गेलो. सोबत नव्या कार्यकारिणीचा ठराव, अण्णांचा मृत्युदाखला, सगळे होते. तिथल्या बाईंनी सांगितले, पत्ता बदलायचा तर जुन्या पत्त्यावर आणि जुन्या मोबाइलवर ओटीपी जाणार, तो सांगा. मी म्हणालो, ‘बाई, ज्यांचा मोबाइल ते वारले, हा दाखला तुमच्या हातात आहे.’ त्या म्हणाल्या, ‘सिस्टम घेत नाही.’ पोस्टात आम्ही मयताचे बचत खाते वारसाच्या नावे करून देत होतो, त्याला फॉर्म होता, साक्षीदार होते, आठवडा-पंधरवडा लागे, पण होत होते. संस्थांचे पदाधिकारी मरतात, बदलतात, भांडून निघून जातात. अशा वेळी ठरावाच्या आधारे नोंद बदलून देण्याची वाट प्रत्येक कचेरीने ठेवली पाहिजे. ती नसल्यामुळे लोक काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे: मेलेल्या माणसाचे सिम चालू राहावे म्हणून महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारतात. सीमाभागातल्या वाचनालयांनी, महिला मंडळांनी, छोट्या पतसंस्थांनी ही मागणी एकत्र करावी अशी माझी विनंती आहे, आणि आपल्या दैनिकाने ती लावून धरावी.

जुन्या पेटीत अण्णांचे खासगी मेलही होते. मुलीची बंगळुरूहून आलेली पत्रे, दवाखान्याचे अहवाल, एका मित्राशी झालेला वाद. ते आम्ही कुणी वाचले नाहीत, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. शोधताना काही ओळी डोळ्यांखालून गेल्याच. ते सगळे वेगळे काढून वहिनींच्या हाती दिले आणि मग पेटी बंद केली. संस्थेचा पत्ता वेगळा असता तर त्यांच्या घरातले बोलणे आमच्यासमोर पडले नसते.

माझे नाव छापू नये ही विनंती. चिटणिसाचे नाव पेपरात आले की त्याच नावाचा बनावट पत्ता काढायला फार वेळ लागत नाही. आणि हे पत्र मी माझ्या खासगी पत्त्यावरून पाठवत आहे, वाचनालयाचा पत्ता यासाठी वापरायचा नाही हाही आमचाच नियम.

ता. क. बँकेत वाचनालयाच्या खात्यावरचा अण्णांचा नंबर बदलून देण्याचा अर्ज देऊन सात आठवडे झाले. परवा संध्याकाळी गोकाकहून फोन आला. ‘सर, निम्म बड्डी जमा आगेत नोड्री,’ म्हणाले. आमच्या ठेवीचे व्याज जमा झाले होते, आणि त्यांनी आकडाही बरोबर सांगितला.

आपला विश्वासू,
एका ग्रामीण वाचनालयाचा मानद चिटणीस
(निवृत्त सब-पोस्टमास्तर), ता. खानापूर, जि. बेळगाव